कुत्रीची गाठ, दारातली सदाफुली

“डॉक्टर, हिची पाळी काही थांबेना. दीड महिना झाला.”

एसटी स्टँडबाहेर चहाची टपरी चालवणाऱ्या मावशी कुत्रीला रिक्षात घालून दवाखान्यात घेऊन आल्या होत्या. कुत्री गावठी, तांबड्या रंगाची, चारेक वर्षांची. नाव चंपी. गळ्यात जुन्या ओढणीचा पट्टा आणि खाली गोणपाट, कारण चंपी बसेल तिथे रक्ताचे थेंब पडत होते. बाकी तक्रार काही नव्हती. पाव-बिस्किटं खात होती, ओळखीचं माणूस दिसलं की शेपूट हलवत होती. फक्त मधूनमधून मान वळवून मागची जागा चाटत होती. गल्लीत कुणीतरी मावशींना सांगितलं होतं, “उष्णता झालीय, दही-भात घाला.” दही-भात घालून झाला होता.

दीड महिना म्हटल्यावर माझे कान टवकारले. कुत्रीची पाळी दीड महिना चालत नाही.

कुत्रीची पाळी आणि बाईची पाळी यांत साम्य आहे ते नावापुरतं. गर्भ राहिला नाही की गर्भाशयाचं अस्तर गळून पडतं आणि बाईला पाळी येते. कुत्रीचं उलट असतं. अंगात इस्ट्रोजेन वाढायला लागतं, गर्भाशयाच्या अस्तरातल्या केशवाहिन्या फुगतात आणि त्यांतून रक्त पाझरतं. म्हणजे हे रक्त माजाची वर्दी घेऊन येतं. रक्त पडण्याचे दिवस सरासरी नऊ. मग स्राव फिकट होतो आणि पुढचे साधारण नऊ दिवस ती नराला जवळ येऊ देते. सगळा मामला तीन आठवड्यांचा. त्यानंतर सर्वसाधारणपणे सहा-सात महिन्यांनी पुन्हा. तेव्हा तीन आठवडे उलटून गेल्यावरही थेंब पडत असतील, किंवा दोन माजांच्या मधल्या काळात रक्त दिसलं, तर त्याला पाळी म्हणून सोडून देऊ नये. नसबंदी झालेल्या कुत्रीला तर पाळी येतच नाही. तिच्या रक्ताचं कारण शोधायलाच हवं.

बोट, काच आणि सूक्ष्मदर्शक

चंपीला टेबलावर घेतलं, तोंडाला पट्टी बांधली. बाहेरून पाहिलं तर योनीमुखाला थोडी सूज, एवढंच. हातमोजा घालून, बोटाला जेल लावून आत चाचपलं तेव्हा गाठ हाताला लागली. लिंबाएवढी, खडबडीत, फुलकोबीच्या गड्ड्यासारखी. नुसतं बोट लागल्यावर तिचा एक तुकडा सुटून आला आणि त्यामागून रक्त.

हे बोट घालणं कुणालाच आवडत नाही. कुत्रीला नाही, तिच्या मालकाला नाही. पण गाठ महिनोन्महिने सापडत नाही, ती बहुधा एवढं एक काम राहून गेल्यामुळे. रक्त थांबवायचं इंजेक्शन दिलं जातं, अँटिबायोटिकचा कोर्स होतो, चार दिवस थेंब कमी होतात आणि पुन्हा सुरू होतात. तोवर गाठ लिंबाची मोसंबी झालेली असते.

पुढचं काम सोपं आणि स्वस्त आहे. सुटलेला तुकडा टिपकागदावर टेकवून वरचं रक्त शोषून घ्यायचं. मग काचेच्या पट्टीवर शिक्का मारावा तसा तो तीन-चार जागी अलगद टेकवायचा. घासायचा नाही, नाहीतर पेशी फुटतात. पट्टी हवेवर वाळवायची, गिम्सा किंवा लीशमनच्या रंगात ठेवायची, धुवायची आणि सूक्ष्मदर्शकाखाली सरकवायची. अर्ध्या-पाऊण तासात उत्तर हातात.

चंपीच्या काचेवर गोल गोल पेशींची दाटी होती, पण एकमेकींना चिकटलेली एकही नाही. तांदूळ सांडावेत तशा सुट्या. प्रत्येकीत मोठं गोल केंद्रक, केंद्रकात ठळक ठिपका. मधूनच एखादी पेशी दोन होण्याच्या तयारीत. आणि ओळख पटवणारी खूण म्हणजे केंद्रकाभोवतीच्या फिकट निळ्या भागात स्वच्छ, रिकामे बुडबुडे, कडेकडेने ओळीत मांडलेले. मोत्याची सर असावी तसे. गोल पेशींच्या गाठी कुत्र्यांत आणखीही असतात, पण या जागी, या रूपाची गाठ आणि तिच्यात ही मोत्यांची सर दिसली, की दुसऱ्या तपासणीची गरज सहसा पडत नाही. शंका उरलीच तर तुकडा बायोप्सीला पाठवायचा.

या गाठीचं नाव ट्रान्समिसिबल व्हेनेरियल ट्युमर. दवाखान्याच्या बोलीत टीव्हीटी. मराठीत सांगायचं तर समागमातून पसरणारा कर्करोग.

“कॅन्सर?” मावशी खालच्या आवाजात म्हणाल्या. “मग आता तिला सोडून देऊ का?”

“सोडू नका. पाच-सहा आठवडे तेवढे घेऊन या.”

मालकाला सोडून निघालेली पेशी

पसरणारा कर्करोग म्हटल्यावर कुणीही दचकेल, कारण कर्करोग एकाकडून दुसऱ्याला पसरत नाही असंच आपण शिकलेलो असतो. ते बरोबरही आहे. कर्करोगाला कारण होणारा विषाणू एकातून दुसऱ्यात जाऊ शकतो. गर्भाशयमुखाच्या कर्करोगामागचा एचपीव्ही तसाच. पण इथे विषाणूबिषाणू नाही. इथे कर्करोगाची जिवंत पेशीच एका कुत्र्याच्या अंगावरून दुसऱ्याच्या अंगावर जाते, तिथे रुजते आणि वाढते. शेवंतीची फांदी एका कुंडीतून दुसऱ्या कुंडीत लावावी, तसं.

हे पहिल्यांदा प्रयोगाने दाखवलं ते रशियात. सेंट पीटर्सबर्गच्या मस्तिस्लाव नोविन्स्की या पशुवैद्याने १८७६ साली एका कुत्र्याच्या गाठीचे तुकडे दुसऱ्या कुत्र्यांच्या अंगात बसवले आणि ते रुजले. कर्करोगाचं एका प्राण्यातून दुसऱ्यात यशस्वी रोपण करण्याचा हा जगातला पहिला प्रयोग मानला जातो. पण रुजलेली गाठ जुन्या कुत्र्याच्याच पेशींची आहे, की तिने नव्या कुत्र्याच्या पेशी बिघडवल्या, हे सांगायला डीएनएच्या तपासणीची वाट पाहावी लागली. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये रॉबिन वाइस आणि क्लाउडियो मुर्जिया यांच्या गटाने इटली, भारत, केनिया अशा एकमेकांपासून दूरच्या देशांतल्या कुत्र्यांच्या गाठी तपासल्या. २००६ साली त्यांनी निष्कर्ष छापला. गाठीचा डीएनए ती ज्या कुत्र्याच्या अंगावर होती त्याच्याशी जुळत नव्हता. पण सगळ्या गाठी आपसांत जुळत होत्या.

म्हणजे जगभरातल्या या सगळ्या गाठी एकाच कुत्र्याच्या पेशींची संतती आहेत. तो कुत्रा कधीच मेला. कुणाच्या मागे धावला, कुठल्या चुलीजवळ झोपला, कुणाला माहीत नाही. त्याच्या अंगावरची गाठ मात्र मेली नाही, कारण तो मरण्याआधीच तिने घर बदललं होतं.

ही गोष्ट किती जुनी, याचा हिशोब केंब्रिज विद्यापीठातल्या एलिझाबेथ मर्चिसन यांच्या गटाने केला. २०१४ साली त्यांनी अंदाज केला अकरा हजार वर्षांचा. पुढे ४३ देशांतल्या ५४६ गाठींचे नमुने तपासून २०१९ साली सुधारलेला आकडा आला: ४,००० ते ८,५०० वर्षांपूर्वी, आशियात. तिथून ती माणसाबरोबर आणि त्याच्या कुत्र्यांबरोबर हिंडली. सुमारे पाचशे वर्षांपूर्वी युरोपीय जहाजांतून अमेरिकेत उतरली आणि त्याच सागरी वाटांनी जगभर झाली. माणसाच्या कर्करोगात जनुकीय बदल सहसा काही हजार असतात. या गाठीत सुमारे १९ लाख सापडले. कुत्र्याच्या पेशीत ७८ गुणसूत्रं असतात, या गाठीच्या पेशीत साठाच्या आसपास. शेकडो जनुकं तिने वाटेत गमावली आणि तरी ती मजेत जगते आहे.

आणखी एक चटका लावणारी गोष्ट. युरोपीय लोक येण्याआधी अमेरिकेत तिथलेच मूळचे कुत्रे होते. ते जवळजवळ नामशेष झाले. २०१८ साली त्यांच्या हाडांतला डीएनए आजच्या कुत्र्यांशी ताडून पाहिला, तेव्हा त्यांच्या सर्वांत जवळचं जिवंत नातं निघालं ते कुठल्याही कुत्र्याशी नव्हे, या गाठीशी.

परक्या शरीराचा तुकडा अंगावर आला की आपलं शरीर तो ओळखतं आणि झटकून टाकतं. म्हणून तर किडनी बदलल्यावर माणसाला जन्मभर औषधं घ्यावी लागतात. ही गाठ त्या पहारेकऱ्याला कशी चुकवते? पेशीच्या अंगावर ‘मी कुणाची’ हे सांगणाऱ्या खुणा असतात. वाढीच्या काळात टीव्हीटीच्या पेशी या खुणा जवळजवळ पुसून टाकतात. ओळखपत्र दाखवायचंच नाही, मग परका ठरवणार कसा? काही कुत्र्यांत कालांतराने खुणा पुन्हा उमटतात, शरीराला जाग येते आणि गाठ आपोआप विरते. पण हे होईल म्हणून वाट पाहत बसण्यात अर्थ नाही. रस्त्यावरच्या बहुतेक कुत्र्यांत ती वाढतच राहते.

पसरण्याची वाट सरळ आहे. मिलनाच्या वेळी कुत्री अडकतात, दहा-पंधरा मिनिटं, कधी अर्धा तास. त्या ओढाताणीत आतल्या नाजूक त्वचेला ओरखडे पडतात आणि नराच्या गाठीवरच्या पेशी त्या ओरखड्यांत बसतात. दोन ते सहा महिन्यांत मादीला गाठ दिसू लागते. कुत्र्यांची हुंगण्या-चाटण्याची सवयही कामी येते. म्हणून नाकात, तोंडात, डोळ्याच्या कडेला टीव्हीटी सापडतो. एका नाकपुडीतून सतत रक्त येणाऱ्या भटक्या कुत्र्याला केवळ ‘घोळणा फुटला’ म्हणून सोडू नये, ते यामुळे. माणसाला मात्र ही गाठ होत नाही. चंपीचं अंग पुसणाऱ्या मावशींना तिच्यापासून भीती नव्हती.

प्रत्येक गाठ ही गाठ नव्हे

कुत्रीच्या त्या जागी काही दिसलं म्हणजे टीव्हीटीच, असं नाही. निदानात घोटाळा होतो तो इथे.

पहिला घोटाळा गाठ नसलेल्या गाठीचा. तरुण कुत्री, पहिल्या-दुसऱ्या माजात, आणि योनीतून गुलाबी, गुळगुळीत, ओलसर मांसाचा गोळा बाहेर आलेला. घरचे घाबरून म्हणतात, “हिचं अंग बाहेर आलं.” गाई-म्हशींचं मायांग बाहेर येतं ते ठाऊक असल्यामुळे शब्द तोच वापरला जातो. ही माजातल्या इस्ट्रोजेनमुळे आलेली सूज असते. माज सरला की बहुधा ओसरते, पुढच्या माजात पुन्हा येते, आणि नसबंदी केली की प्रश्न मिटतो. तोवर ती जागा स्वच्छ आणि ओली ठेवायची आणि कुत्रीला चावू द्यायची नाही. टीव्हीटी खडबडीत, ठिसूळ आणि रक्ताळणारा. ही सूज गुळगुळीत आणि भरीव. हाताला फरक कळतो, तरी काचेची पट्टी केलेली बरी.

दुसरी गाठ म्हाताऱ्या, नसबंदी न झालेल्या कुत्रीची. वय दहाच्या पुढे, योनीच्या भिंतीत घट्ट, हळूहळू वाढणारी गाठ. हिला लायोमायोमा म्हणतात. स्नायूंच्या पेशींची ही साधी गाठ आहे, शरीरभर न पसरणारी. टीव्हीटी बाजूला ठेवला तर योनीतल्या दहा गाठींपैकी सात-आठ अशाच साध्या असतात. त्रास होतो तो जागेमुळे: लघवीला कुंथावं लागतं, शौचाला अडतं, बाहेर फुगवटा दिसतो. ही गाठ स्त्री-संप्रेरकांवर पोसते. म्हणून शस्त्रक्रियेत ती काढतानाच अंडाशयं आणि गर्भाशयही काढतात. मग ती परत येण्याची शक्यता फार कमी उरते. काढलेला तुकडा प्रयोगशाळेत पाठवायचाच, कारण दहांतली उरलेली दोन-तीन घातक असू शकतात.

तिसरी गाठ दिसत नाही आणि हातालाही लागत नाही, ती अंडाशयाची. त्यातल्या काही गाठी स्वतःच संप्रेरकं गाळतात. मग कुत्री महिनोन्महिने माजावरच राहते, अंगावरचे केस विरळ होतात, गर्भाशयात पू साठतो. इस्ट्रोजेन फारच वाढलं तर हाडांच्या मगजातलं रक्त तयार होण्याचं काम मंदावतं. काही गाठींत तर केस, हाड, दातसुद्धा सापडतात. ओळख पटते ती सोनोग्राफीने. इथे पोटातून सुई घालून पेशी काढायच्या नसतात, कारण सुईच्या वाटेने पेशी पोटात सांडतात. शस्त्रक्रिया करून अंडाशयं-गर्भाशय एकत्र बाहेर काढणं हाच उपाय.

आणि एक गोष्ट, जी गाठ नसली तरी सगळ्यांत आधी वगळायची असते. माज संपून महिना-दोन महिने झालेत, कुत्री मलूल आहे, जेवण टाकलंय, पाणी मात्र पातेलंच्या पातेलं पिते, आणि मागून येणारा स्राव लालऐवजी तपकिरी किंवा पिवळट, दुर्गंधीचा आहे. हा गर्भाशयातला पू, पायोमेट्रा. स्राव येतच नसेल तर धोका आणखी मोठा. यात उद्याची वाट पाहायची नाही, त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.

सदाफुलीचं औषध

चंपीच्या गाठीवर चाकू चालवायची गरज नव्हती. टीव्हीटीची गाठ कापून काढली की ती बऱ्याचदा पुन्हा येते, आणि ठिसूळ, रक्ताळ मांस त्या अरुंद जागेतून संपूर्ण काढणं अवघडही असतं. तिच्यावरचं औषध व्हिन्क्रिस्टिन. ते मुळात आपल्या दारातल्या सदाफुलीतून आलेलं आहे.

सदाफुली मूळची मादागास्करची. आपल्याकडे ती अंगणात, कुंडीत, स्मशानाच्या भिंतीलगत, कुठेही रुजते. गुलाबी-जांभळी आणि पांढरी. मधुमेहावर तिची पानं-फुलं चावून खाणारे लोक आपल्या प्रत्येक गावात भेटतात. हा समज जमैकातही होता. १९५२ साली तिथल्या एका रुग्णाने कॅनडातल्या डॉ. क्लार्क नोबल यांना सदाफुलीची काही पानं पाकिटातून पाठवली. त्यांनी ती आपले भाऊ रॉबर्ट नोबल यांच्याकडे दिली. पानांचा अर्क उंदरांना देऊन पाहिला तर साखर काही उतरली नाही. पण इंजेक्शन दिलेले उंदीर जंतुसंसर्गाने मरू लागले, कारण त्यांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी घसरल्या होत्या. दुसरा एखादा ‘प्रयोग फसला’ म्हणून थांबला असता. नोबल यांच्या लक्षात आलं की झपाट्याने वाढणाऱ्या पेशींना आवर घालणारं काहीतरी या पानांत आहे. चार्ल्स बीअर यांच्यासह त्यांनी त्यातलं व्हिनब्लास्टिन १९५८ साली वेगळं केलं. त्याच सुमारास अमेरिकेत एली लिली कंपनीत गॉर्डन स्वोबोडा याच झाडावर काम करत होते. तिथून व्हिन्क्रिस्टिन आलं आणि १९६३ साली अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावर ते आजही वापरलं जातं, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत त्याचं नाव आहे.

ते करतं काय? एका पेशीच्या दोन होताना गुणसूत्रांची वाटणी करावी लागते. त्यासाठी पेशी आतल्या आत सूक्ष्म दोऱ्या ताणते. व्हिन्क्रिस्टिन त्या दोऱ्या विणूच देत नाही. वाटणी अर्ध्यावर अडकते आणि पेशी मरते. जी पेशी वारंवार दोन होते तिला फटका जास्त, म्हणून गाठ आधी मरते. काही पेशी मेल्या की शरीराचा पहारेकरीही जागा होतो आणि उरलेलं काम तो हातात घेतो. टीव्हीटीवर हे औषध इतकं लागू पडतं त्याचं हेही एक कारण आहे.

हे वाचून कुणी सदाफुलीची पानं वाटून कुत्रीला पाजू नयेत. टनभर वाळलेल्या पानांतून हे औषध काही ग्रॅमच निघतं, आणि कच्च्या पानांत बाकीची विषं भरपूर असतात. गाठ जाणार नाही, कुत्री जाईल.

मात्रा शरीराच्या पृष्ठभागावरून काढतात: दर चौरस मीटरला ०.५ ते ०.७ मिलिग्रॅम, आठवड्यातून एकदा. पंधरा किलोच्या चंपीला ती आली साधारण ०.३७ मिलिग्रॅम, म्हणजे सिरिंजमध्ये अर्ध्या मिलिलिटरपेक्षाही कमी. पण या एवढ्याशा द्रवाला फार जपावं लागतं. ते फक्त शिरेतच गेलं पाहिजे. थेंबभर जरी शिरेबाहेर कातडीखाली उतरलं, तरी तिथलं मांस सडून जखम पडते आणि ती आठवडेच्या आठवडे भरत नाही. म्हणून पुढच्या पायाचे केस कापायचे, शिरेत कॅन्युला बसवायची, सलाईन सोडून ती नीट बसल्याची खात्री करायची, मग औषध, आणि मागून पुन्हा सलाईन. देणाऱ्याने हातमोजे घालायचे. गरोदर बाईने त्या दिवशी कुत्रीला धरायला उभं राहायचं नाही, आणि पुढचे दोन-तीन दिवस तिची लघवी-विष्ठा साफ करायचं काम दुसऱ्याने करायचं.

दर इंजेक्शनाआधी रक्ताची तपासणी होते. पांढऱ्या पेशी दर मायक्रोलिटरला ४,००० च्या खाली गेल्या असतील तर त्या आठवड्यात औषध नाही, काही दिवस थांबायचं. एखाद-दुसरा दिवस कुत्री जेवत नाही, उलटी करते, कधी शौचाला खडा होतो. ताप आला तर मात्र लगेच कळवायचं. कोलीसारख्या काही जातींत एका जनुकातल्या दोषामुळे हे औषध अंगात जास्त साठतं. त्यांना मात्रा कमी करावी लागते.

चार ते आठ आठवड्यांत बहुतेक कुत्र्या बऱ्या होतात. नव्वद टक्क्यांहून जास्त. कर्करोगाच्या कुठल्याही डॉक्टरला हेवा वाटावा असा हा आकडा आहे. ज्या थोड्यांवर औषध चालत नाही, त्यांच्यासाठी डॉक्सोरुबिसिन आहे. जिथे सोय आहे तिथे किरणोपचारही उत्तम लागू पडतात. दूर अवयवांत ही गाठ क्वचितच पसरते.

गोम एकच आहे. दुसऱ्या इंजेक्शननंतर रक्त थांबतं, तिसऱ्यापर्यंत गाठ सुपारीएवढी होते आणि लोक यायचे बंद होतात. “बरी झाली की!” पण राहिलेल्या थोड्या पेशी पुन्हा वाढायला पुरतात, आणि अर्धवट औषध पचवून राहिलेल्या पेशी पुढच्या खेपेला दाद देतीलच असं नाही. दिसणारी गाठ संपल्यावरही डॉक्टर सांगतील तेवढी इंजेक्शनं पूर्ण करायची असतात.

गल्लीचं दुखणं

घरात बांधलेल्या कुत्रीला हा आजार सहसा होत नाही. तो मोकळ्या हिंडणाऱ्यांचा आहे. २०१९ च्या पशुगणनेत देशातली भटकी कुत्री दीड कोटींच्या वर भरली. माजावरच्या एका मादीमागे गल्लीतले सगळे नर लागतात, आणि त्यांतल्या एकाला गाठ असली की मोसमभरात ती किती जणींना गेली याचा हिशोब लागत नाही.

ही गाठ नाहीशी करता येते, हे इतिहासात एकदा घडून गेलंय. १८१० साली लंडनचे पशुवैद्य डेलाबेअर ब्लेन यांनी आपल्या पुस्तकात तिचं वर्णन लिहून ठेवलं, म्हणजे तेव्हा ती तिथल्या रस्त्यांवर होती. विसाव्या शतकात ब्रिटनमध्ये मोकाट कुत्र्यांवर आणि त्यांच्या पैदाशीवर नियंत्रण आलं आणि गाठ तिथून गेली. आता तिथे ती दिसते ती परदेशातून आणलेल्या कुत्र्यांतच. लस निघाली नव्हती, नवं औषधही नव्हतं. मिलनाची साखळी तुटली, एवढंच झालं.

आपल्याकडे हे काम पालिकेच्या नसबंदी मोहिमेतून व्हायचं आहे. २००१ च्या प्राणी जन्मनियंत्रण नियमांनी, आणि आता २०२३ च्या नव्या नियमांनी, भटक्या कुत्र्यांची नसबंदी आणि रेबीजची लस देऊन त्यांना मूळ जागी सोडायचं ठरलेलं आहे. लोक त्याकडे रेबीज आणि चावण्याच्या अंगाने पाहतात. पण नसबंदी झालेली कुत्री माजावर येत नाही, तिच्यामागे नर लागत नाहीत, आणि गाठीची वाटच बंद होते. अंडाशयाची गाठ, गर्भाशयातला पू, म्हातारपणीचा लायोमायोमा हेही त्याच शस्त्रक्रियेत टळतात. एक खुलासा मात्र हवा: नसबंदी हा टीव्हीटीवरचा इलाज नाही. आधीच गाठ असेल तर इंजेक्शनं लागतातच, आणि गाठ आत ठेवून नुसती नसबंदी करून सोडलेली कुत्री हुंगण्या-चाटण्यातून ती पुढे देतच राहते. म्हणून शस्त्रक्रियेच्या टेबलावर, भूल दिलेली असतानाच, आत बोट घालून पाहिलं पाहिजे.

रस्त्यावरच्या कुत्रीच्या बाबतीत अडचण औषधाच्या किमतीची फारशी नसते. कर्करोगाच्या औषधांत हे स्वस्तांपैकी आहे. अडचण असते दर आठवड्याला तिला पकडून आणायची. तिथे डॉक्टरपेक्षा तिला रोज खाऊ घालणारं माणूस उपयोगी पडतं. चंपी पाच वेळा रिक्षातून आली, कारण मावशी पाच वेळा टपरी तासभर बंद ठेवून आल्या. चौथ्या खेपेला गाठ हाताला लागली नाही. पाचवं इंजेक्शन तरीही दिलं. महिन्याने तपासून नसबंदी केली आणि तिच्या कानाला छोटी खाच पाडली, पालिकेच्या गाडीने पुन्हा उचलू नये म्हणून.

तुमच्या घरी किंवा गल्लीत कुत्री असेल, तर स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर एक काम करा. पहिला थेंब दिसेल त्या तारखेला गोल करा आणि तिथून पुढच्या एकविसाव्या दिवसालाही. दुसऱ्या गोलानंतर थेंब दिसला, तर दही-भात घालत बसू नका. दवाखान्यात जा, आणि डॉक्टरांनी आत न तपासताच चिठ्ठी लिहायला घेतली, तर विचारा: काचेवर घेऊन बघता का?